पंचफुलाताईंचा जांब

हातात सफरचंदांची पिशवी घेऊन कुणी दवाखान्याकडे निघालेलं दिसलं, की पंचफुलाताई त्याला रस्त्यात अडवायच्या. ओळख असो वा नसो. कामरगावच्या थांब्यावर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका अनोळखी माणसाच्या पिशवीत डोकावताना. "आजाऱ्याले सफरचंदच काहून न्या लागते? गावात जांब पिकून खाली पडून राह्यले. ताकद कशात जास्त हाय, इचारलं का कोनाले?" जांब म्हणजे पेरू. तो माणूस घाईघाईने जीपमध्ये चढला, तर ताई खिडकीशी जाऊन बोलत राहिल्या. मला त्या बाईचा रागच आला. दुसऱ्या दिवशी मी नव्या शाळेवर रुजू झाले, तेव्हा शेजारच्या अंगणवाडीच्या दारात त्याच उभ्या होत्या.

त्या तिथल्या सेविका. गावातल्या लहान मुलांचं दर महिन्याला वजन करायचं, ते वहीत लिहायचं आणि मूल कमी भरलं की त्याच्या आईच्या मागे लागायचं. आमची भिंत एकच होती, त्यामुळे त्या माझ्यामागेही लागत. एकदा वर्ग चालू असताना आत आल्या. "मॅडम, तुमच्या भितीवर पयलं फळ कोनतं हाय?" भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता. पहिल्याच चौकोनात लालभडक सफरचंद. "पाहा! लेकराले बोलता येत नाई, तं सफरचंद येते. वावरातला जांब त्याले फळच वाटत नाई." दुसऱ्या दिवशी पाहते तर सफरचंदावर कागदाचा हिरवा पेरू चिकटवलेला. मी काढला, त्यांनी पुन्हा चिकटवला. चार वेळा असं झालं. शेवटी तपासणीला आलेल्या साहेबांनी मुलांसमोर मला त्याबद्दल विचारलं आणि मी नखाने तो पेरू खरवडू लागले.

त्यांचं म्हणणं खरं होतं, हीच तर अडचण होती. मी मुद्दाम पुस्तक उघडून पाहिलं. क जीवनसत्त्व पेरूत सफरचंदाच्या कितीतरी पट, चोथा जास्त, प्रथिनंही थोडी जास्तच. पण ऐकतं कोण? उज्ज्वला नावाची सून गरोदर होती, अंगात रक्त कमी. पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून जेवणासोबत जांब खा, असं ताईंनी तिला सांगितलं. सासू म्हणाली, "जांबानं सर्दी होते. माह्या पोरानं सफरचंद आनले, थेच खाईन थे." ताई आठ दिवस रोज तिच्या पायरीवर बसून स्वतः जांब खात होत्या. "पाहा, झाली का मले सर्दी?" नवव्या दिवशी सासूने दार लावून घेतलं. ताई येऊन माझ्या टेबलापाशी धपकन बसल्या. "समदं समजते बापा लोकाइले. आपल्या झाडाचंच तेवढं समजत नाई."

पस्तीस वर्षं हे करून त्या निवृत्त झाल्या, आणि पुढच्याच हिवाळ्यात त्यांना उलट्या सुरू झाल्या. अंगाला खाज, तोंडाला चव नाही. त्यांचा मुलगा मिलिंद त्यांना अकोल्याला घेऊन गेला. त्या त्याचं ऐकत नसत, म्हणून मीही सोबत गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी. मग पथ्याचा कागद पुढे केला. पेरू बंद, केळी बंद, संत्री बंद. फळ खावंसं वाटलं तर अर्धं सफरचंद.

"डॉक्टरसाहेब, तुमी उलटं लिवलं," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. पेरूत पोटॅशियम बरंच असतं. धडधाकट माणसाला ते चांगलं. पण किडनी काम करत नसली की ते रक्तात साचतं आणि हृदयावर येतं. सफरचंदात ते कमी.

घरी आल्यावर ताई खाटेवर बसून म्हणाल्या, "म्हनजे पस्तीस वर्सं म्या लोकाइले खोटं सांगतलं."

"नाही हो ताई. मुलांना, गरोदर बायांना सांगितलं ते बरोबरच होतं. तुमचं दुखणं वेगळं आहे."

"मंग सफरचंदच जितलं न?"

"इथे कुस्ती चाललीय का?" मी ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दहा वेळा तेच समजावलं, दहाही वेळा त्यांनी तेच विचारलं.

आठवड्याभरात मिलिंदला उशीखाली अर्धा खाल्लेला जांब सापडला. मी रागावले, तर म्हणाल्या, "चवीसाठी नाई खात, पोरी. ज्याच्यावर इतके वर्सं भरोसा ठेवला, त्याले एका कागदावरून कसं सोडू?" मग एका सकाळी त्यांची छाती धडधडायला लागली, हातपाय गळाले. चार दिवस त्या दवाखान्यात होत्या.

परत आल्यावर त्यांनी तो कागद मागून घेतला आणि चष्मा लावून तीनदा वाचला. मिलिंदला म्हणाल्या, मले अंगनवाडीत ने. तिथे बायांची बैठक होती. ताई उभ्या राहू शकत नव्हत्या, बसूनच बोलल्या. "लेकराइले जांब देत राहा. पन ज्याले साखर हाय, बीपी हाय, ज्याचे पाय सुजतात, त्यानं आंदी रक्त तपासा, डॉक्टरले इचारा, मंग फळ खा. म्या तपासलं नाई." दोघीजणी मोबाइलमध्ये होत्या. उज्ज्वलाची सासू म्हणाली, "म्या तं आंदीच म्हनलं होतं, सफरचंदच चांगलं." ताईंनी कपाळावर हात मारला आणि माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही.

मागच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. गावातल्या प्रत्येक मुलाचं वजन जिच्या वहीत होतं, तिचं स्वतःचं रक्त अकोल्याला जाईपर्यंत एकदाही तपासलं गेलं नव्हतं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांना जुनी चप्पल होईना. त्यांनी एक नंबर मोठी, निळ्या पट्ट्यांची नवी चप्पल घेतली आणि शाळेच्या पायरीवर पाय पुढे करून मला दाखवली. पाय घोट्यापर्यंत सुजलेले होते. मी वह्या तपासत होते. वर पाहिलं आणि म्हणाले, "रंग छान आहे, ताई."