मोठीआई आणि येरमाळ्याची ती पकड

येरमाळ्याच्या टीमला हरवणारी बाई आज सकाळी गेली.

आमची मोठीआई. वय चौऱ्याण्णव. आयुष्यात एकदाही मैदानात उतरली नव्हती.

माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची ती बायको. त्या भावाला आम्ही तात्या म्हणायचो. निजामाच्या राज्यात सात गावांची हुतूतूची ढाल आमच्या तेर गावानं जिंकली, त्या टीमचे तात्या खेळाडू. हुतूतू म्हणजे आपली कबड्डीच.

लहानपणी दर चैत्रात तात्यांच्या ओट्यावर तो अख्खा सीझन परत खेळला जायचा.

कॉमेंट्री मलकप्पा अण्णांची. अण्णांचं कापडाचं दुकान होतं. स्वतः कधी खेळले नाहीत, पण तेरचा एक सामना चुकवला नाही. नंबर वन फॅन.

अण्णा सुरुवात कायम हरण्यापासून करायचे.

पहिले दोन सामने तेर हरलं. तेही तेरणा नदीच्या वाळूत, घरच्या मैदानावर. दुसरा सामना येरमाळ्याशी. त्यांचा तुळशीराम नावाचा गडी एका चढाईत तीन-तीन माणसं मारून परत जायचा. हाताला लागायचाच नाही.

गावात लोक टीमशी बोलेनात. अण्णा सांगायचे, की आठ दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

मग परतीचा सामना. येरमाळ्यात.

तेव्हा चार माणसं जमवायची तरी सरकारी परवानगी लागायची. त्यामुळं मैदानाच्या कडेला पोलीस जमादार काठी घेऊन बसलेला. तेरचे पाच गडी बाद. राहिले दोन. हा सामना गेला असता, तर ढाल विसरायची होती.

आणि तुळशीराम चढाईला आला.

इथं अण्णा उभे राहायचे. सत्तरीच्या घरातला माणूस, पण धोतर खोचून उभा.

"तात्या त्याच्या तोंडाकडं बघंना. हाताकडं बघंना. खाली मान घालून उभा. मला वाटलं, भ्याला."

तुळशीरामनं एकाला हात लावला. आता एकटे तात्या.

तो वळणार, तेवढ्यात तात्यांनी झेप घेतली आणि घोटा धरला. तो वळायच्या आधीच! तुळशीराम मातीत आडवा. हुतूतू, हुतूतू चाललेलंच. हात मधल्या रेघेपासून एक वीतभर लांब.

आणि दम तुटला.

एवढा गलका झाला, की दंगल झाली समजून जमादार काठी उगारून धावला. मैदानात काय झालंय ते बघितलं आणि काठी काखेत मारून टाळ्या वाजवायला लागला.

तो सामना तेरनं काढला. मग एकही हरलं नाही. चैत्रात ढाल बैलगाडीतून हलगी वाजवत गावात आली.

आम्ही पोरं दरवर्षी तितक्याच जोरात ओरडायचो. तात्या मात्र गप्प बसायचे. मोठीआई चहाचे कप उचलून आत जायची.

मी कॉलेजला असताना शाळेनं तात्यांचा सत्कार ठेवला. तेव्हा तात्या ऐंशीच्या पुढं गेलेले.

त्यांच्या हातात माईक दिला. म्हणाले, "ती पकड माझी न्हाय. माझ्या बायकोची हाय."



मग त्यांनी सगळं सांगितलं.

मोठीआई तेव्हा नवी नवरी. मैदानाकडं बायकांनी जायचं नाही. पण नदीवर धुणं धुवायला जायला कोण अडवतंय? घरच्या मैदानावर येरमाळ्याशी हरलेल्या त्या सामन्यात तिनं एकच गोधडी सामना संपेपर्यंत धुतली. घरी सासूची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शेतात भाकरी घेऊन गेली तेव्हा तात्यांना म्हणाली, की तो येरमाळ्याचा माणूस वळायच्या आधी उजवी टाच उचलतो. दर वेळी.

तात्या चिडलेच होते. म्हणाले, "तुला काय कळतंय खेळातलं?"

"खेळातलं न्हाय कळत. माहेरी शेरडं राखली म्या. पळणारं जनावर आधी पायानं सांगतंय."

येरमाळ्यात त्या दिवशी तात्या खाली मान घालून नुसती टाच बघत होते.

जिंकून घरी आले, तर चारचौघांत बायकोशी बोलायची सोय नाही. म्हणून आपल्या आईला मोठ्यानं म्हणाले, "टाच खरी निघाली."

आईला काही कळेना. कसली टाच?

चुलीपुढं मोठीआईनं तोंडाला पदर लावला. लई हसू आलं होतं, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

मग तात्या इतकी वर्षं गप्प का राहिले? तेही त्यांनी माईकवरच सांगितलं. त्या काळात बायकोचं ऐकून खेळला म्हणून लोक हसले असते. "मी भ्यालो," म्हणाले. "तुळशीरामला न्हाय भ्यालो. लोकांना भ्यालो."

मलकप्पा अण्णा पहिल्या रांगेत होते. उठले. तात्यांसाठी आणलेला फेटा घेऊन सरळ बायकांच्या बाजूला गेले आणि मोठीआईच्या हातात दिला. म्हणाले, "वैनी, साठ वर्षं मी चुकीचं नाव सांगत होतो."

अण्णांच्या डोळ्यात पाणी.

तिला कोणीतरी माईक दिला. तिनं तो भाकरी धरावी तसा दोन्ही हातांनी धरला. एकच वाक्य बोलली.

"आता पोरींची टीम काढा."

काढली. पुढच्याच वर्षी. तात्या आणि अण्णा दोघं गेले, तरी मोठीआई खुर्ची टाकून पहिल्या रांगेत. कुठल्या पोरीचा कुठला पाय, सगळं पाठ.

आज सकाळी पोरी घरी आल्या. जर्सीतच. आज त्यांची सेमी फायनल आहे, आपल्याच गावात. कॅप्टननं हळूच विचारलं, "दादा, सामना पुढं ढकलायचा का?"

मी काही बोलायच्या आत आमच्या काकू आतून म्हणाल्या, "ढकलला तर ती उठून बसंल."

रडता रडता सगळे हसलो.

अंत्यविधी बारा वाजता, नदीकाठी.

सामना चार वाजता, शाळेच्या मैदानावर. दोन्हीला या.

मोठीआई, तुला भरल्या मनानं निरोप.