नाल्यात कोणी नाही

मला लिहायची सवय नाही. हे नीट उतरेल की नाही, ठाऊक नाही. पण त्या पोळ्याला मी नाल्यात होतो, म्हणून शेजारच्या हर्षाबद्दल थोडे लिहून ठेवतो.

हर्षा जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. लाखांदूरजवळच्या आमच्या गावात लक्ष्मणरावांची सून होऊन आली, तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढायलाही भ्यायची. पण शिकलेली, म्हणून पाणीवापर संस्थेने तलावाचे काम तिच्याच गळ्यात घातले. तिच्या मोबाइलमध्ये चार एआय एजंट आहेत. एक पाऊस पाहतो, एक तलावाची पातळी, एक पाळीवरचा ताण. चौथा या तिघांचे ऐकून गावाला संदेश पाठवतो आणि गेटची मोटर चालवतो. मात्र हर्षाने ‘हो’ दाबल्याशिवाय गेट हलत नाही.

गावात त्यांना ‘हर्षाचे गडी’ म्हणतात.

“तुये गडी बरे आहेत बाई,” मी म्हणायचो. “ना चहा मागत, ना बिडी.”

“म्हणूनच भेव वाटते काकाजी. माणूस चुकला तर तोंडावरून समजते. यायले तोंडच नाही.”

पोळ्याच्या आदल्या रात्री वरच्या जंगलात जोराचा पाऊस झाला. सकाळी गावातले पुरुष बैल धुवायला नाल्यात उतरले. हर्षा पुरणपोळीसाठी कणीक मळत होती. फोनवर आले: ‘पाळीवर ताण वाढला आहे. गेट उघडून पाणी नाल्यात सोडावे लागेल. सर्वांना संदेश पोहोचला आहे. नाल्यात कोणी नाही. परवानगी?’

पुढचे तिनेच मला नंतर सांगितले. कणकेने भरलेला अंगठा ‘हो’कडे गेलाच होता. तेवढ्यात घरातल्या फळीवर लक्ष्मणरावांचा फोन वाजला. गावाला पाठवलेला इशारा पुन्हा आला होता. शेजारी तिच्या नवऱ्याचा, विनोदचा फोनही वाजला. गड्यांनी गावातले फोन पाहिले, ते घराघरांत दिसले, म्हणून माणसेही घरातच आहेत असे धरले. छातीभर पाण्यात बैल घेऊन उतरताना फोन कोण नेतो?

तिने ‘थांबा’ दाबले. लगेच उत्तर आले: ‘उशीर झाल्यास पाळ फुटू शकते.’ पाळीखाली आम्हा सगळ्यांची घरे आहेत. ती अनवाणीच नाल्याकडे पळाली.

“मामाजी, बाहेर निघा. पाणी सोडा लागते.”

सासऱ्यांसमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. विनोद हसला. “काहून ओरडून राहिली? तुये गडी बिघडले का?”

“गडी म्हणते, इथं कोनी नाही.”

मग कोणी हसले नाही. बैल ओढून काठावर घेतले. तिच्या हातातला फोन सारखा थरथरत होता.

“अजून कोनी हाये का?” तिने विचारले.

“नाही. दाब आता,” विनोद म्हणाला. “पाळ जाईन.”

तिने दाबले नाही. ती काठाकाठाने नाल्याच्या वळणापर्यंत आली. तिथे मी होतो. माझा बैल बुजरा, म्हणून मी त्याला सगळ्यांपासून दूर धुतो. मला ऐकूही कमी येते. पाहतो तर तलावाला भिणारी ही पोर कमरेएवढ्या पाण्यात उतरून बैलाचा दोर ओढत होती. तिचा चेहरा पाहूनच काहीतरी बिघडले हे समजले. काय झाले ते विचारले नाही, तिच्यामागे निघालो.

काठावर येऊन तिने नाल्याकडे परत एकदा पाहिले आणि ‘हो’ दाबले. थोड्या वेळाने गढूळ पाण्याचा लोंढा आला. मी ज्या दगडावर उभा होतो तो दिसेनासा झाला. हर्षा चिखलातच बसली. तिचे दात वाजत होते. लक्ष्मणरावांनी बैलाच्या पाठीवर टाकायची नवी झूल तिच्या खांद्यावर टाकली.

पाळ टिकली. पुढे संस्थेने गड्यांना सांगून ठेवले, फोन जिथे आहे तिथेच माणूस आहे असे धरू नका. आता नाल्यावर कॅमेराही आहे. तरी गेट उघडायची वेळ आली की हर्षा पायात चपला घालते.

“आता तर गडी शिकले ना?” मी परवा विचारले.

“हो काकाजी. म्हणते, नाल्यात कोनी नाही.”

“मग?”

“म्हणून तर जाऊन राहिली.”

ती परत येईपर्यंत मी अंगणात उभा असतो. बसवत नाही.