टाचणी लावलेली कथा

यंदा कॉलनीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा नाही, 'आपण कसं वाचत आलो' असं प्रदर्शन आहे, हे ऐकून मी कपाळाला हात लावला. आमच्या देवासच्या, हिंदीत शिकणाऱ्या पोरांना मराठी पाटी वाचताना घाम फुटतो, आणि त्यांना म्हणे वाचनाचा इतिहास दाखवायचा! पण हे काढलं होतं शेजारच्या काकूंनी. काकू म्हणजे निवृत्त शिक्षिका, माझ्या आईची जिवलग मैत्रीण, आणि एकदा पदर खोचला की ब्रह्मदेवाचंही न ऐकणाऱ्या.

"मला पुस्तकं नकोत," त्या घरोघर सांगत फिरल्या. "ती कशी वाचलीत ते सांगा. कुठे बसून, कोणाला चोरून, कोणाला वाचून दाखवत." लोक आधी हसले, मग बोलायला लागले. एका बाईंनी पिठाच्या डब्यात लपवून वाचलेली कादंबरी आणली. पानांच्या बेचक्यात पीठ अजून होतं. जवळच्या पीपलरावां गावाहून येणाऱ्या आमच्या चौकीदाराने सांगितलं, की गावातली पत्रं तोच वाचून दाखवायचा, आणि वाईट बातमी असली की वाचण्याआधी प्यायला पाणी मागायचा. काकूंनी हे सगळं जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काढलं. माझी थट्टा तिथेच अर्धी विरली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "माळ्यावरचे दिवाळी अंक काढ."

कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेली आमची दहाएक घरं. पुण्याहून पोस्टाने एक दिवाळी अंक यायचा, आणि तो घरोघर तीन-तीन दिवस फिरायचा. फेरीची व्यवस्था माझ्या बाबांकडे, आणि फिरून परत आलेले अंक आमच्याच माळ्यावर. अंक आला की बाबा तो आधी चाळत, आणि 'लेकीबाळींच्या हाती पडू नये' अशी कथा दिसली की तिच्या पानांना टाचणी लावून ती बंद करत. टाचणी लावलेलं पान कोणी उघडायचं नाही, हा शिरस्ता. बाबांना त्याचा केवढा अभिमान! आज चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ते येईल त्याला सांगतात, "एकाही बाईने कधी टाचणी काढली नाही."

माळ्यावर धूळ झटकता झटकता मी अंक उघडून पाहिले. एका टाचणीची भोकं पडणार दोन. इथे गंजक्या टाचणीच्या आजूबाजूला वीस-बावीस भोकं होती. प्रत्येक अंकात तेच. बाबांची उभ्या आयुष्याची शिस्त अशी चाळणी झालेली चारचौघांत मांडायची? मी काकूंना सरळ नाही म्हटलं.

काकू खो खो हसल्या. "अरे, त्यातली दोन माझी आहेत. दुपारी दार लावून वाचायचे. घाईत टाचणी परत त्याच भोकात घालायला जमायचंच नाही." मग गंभीर झाल्या. "भाऊजींची फजिती मला करायची नाही. आधी त्यांना दाखवू. ते नको म्हणाले तर नको."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांना मंडपात नेलं. टेबलांवर बाग गावच्या छापाच्या चादरी अंथरून झाल्या होत्या. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, पण पानावरून बोट फिरवल्यावर त्यांना कळलं. त्यांचा चेहरा लाल झाला.

"पुरुषांनी काढली असेल," ते म्हणाले.

"मी काढली, भाऊजी," काकू म्हणाल्या. "आणि आम्ही सगळ्यांनीच."

 बाबांनी गठ्ठ्यातला सगळ्यात खालचा अंक मागितला. तो निघाला त्या वर्षी कॉलनीत टीव्ही आला आणि फेरी बंद पडली. तो अंक आमच्या घराबाहेर गेलाच नव्हता. टाचणी मात्र बाबांनी सवयीने लावली होती. त्यांनी पान चाचपलं. चार भोकं होती.

तेव्हा घरात आम्ही तिघंच. मी हिंदी शाळेतला, मराठी अक्षराला अक्षर लावून वाचणारा. मी काय कथा वाचणार? राहिली आई. ती जाऊन सहा वर्षं झाली.

"वाच," बाबा मला म्हणाले. "मोठ्याने."

"तुम्हाला आठवत नाही ही कथा?"

"वाचली असली तर आठवेल! मी नाव आणि चित्र बघून टाचणी लावायचो. ड्यूटीवरून आल्यावर वाचायला जीव कुठे उरायचा?"

मी टाचणी काढली आणि अडखळत वाचलं. जिथे अडलो तिथे काकूंनी पुढचा शब्द पुरवला, अंकाकडे न बघता. आईनेच ही कथा त्यांना कितीदा तरी सांगितली असणार. एक बाई घरी न सांगता एसटीत बसते, दिवसभर मैत्रिणीकडे राहते, पोटभर बोलते, आणि दिवेलागणीला परत येते. घरात कोणी विचारत नाही की तू कुठे होतीस. नवरा एवढंच विचारतो, चहा झाला का. एवढीच कथा.

 "यात टाचणी लावण्यासारखं काय होतं?" बाबा म्हणाले. मग काकूंकडे वळून, "वहिनी, तो जाड कागद घ्या. लिहा. ही कथा मी न वाचता बंद केली. माझ्या बायकोने ती वाचली. खाली माझं नाव घाला."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्याच टेबलाशी झाली. पोरं वाकून वाकून आपल्या माळवी हिंदीत मला विचारत होती, "भिया, ये छेद कायके हैं?" आणि ज्या काकूंना मी वेड्यात काढलं होतं, त्या प्रत्येकाला नव्या उत्साहाने सांगत होत्या. इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांचा, असं मी पन्नास वर्षं समजत आलो. या बाईंनी तो पिठाच्या डब्यातून बाहेर काढला. त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर धारच्या मराठी मंडळींनी प्रदर्शन बोलावून घेतलं. धार आईचं माहेर. तिथली जुनी, एकेकाळी दरबारी नोकरीतली घरं अजून मोजूनमापून मराठी बोलतात. तिथे तरी बाबा बिचकतील असं मला वाटलं होतं. ते दोन्ही दिवस टेबलाशी खुर्ची टाकून बसले आणि काकूंना बोलू न देता स्वतः सांगत राहिले. कॉलेजातली एक मुलगी सगळं नीट ऐकून घेत होती. शेवटी तिने विचारलं, "पर दादाजी, दादीजी ने आपको कभी बताया नहीं?"

"बताती किसको?" बाबा म्हणाले.