देव्हाऱ्यातली दुसरी बाटली

चळवळीची पत्रकं वाटून वाटून मला एक सवय लागली होती: जुलूम दिसला की तावातावानं बोलायचं. पण विट्याजवळ मामाच्या घरी जो संताप आला तो कुठल्याच पत्रकात बसला नसता. तो एका बाटलीवर होता.

मामा काशीला सोनं गाळायच्या दुकानात होता. सुट्टीला आला की गावातल्या बायकांचे दागिने पारखून द्यायचा, म्हणून तेजाबाची, म्हणजे जहाल आम्लाची, बाटली बरोबर असायची. त्या खेपेला गंगाही त्यानं बाटलीतच आणली, कारण महायुद्धामुळं तांब्याचे गडू मिळेनात. दोन्ही बाटल्या सारख्या, दोन्हींचं बूच लाखेनं बसवलेलं. तो परत गेला आणि मामीनं दोन्ही देव्हाऱ्यात मांडल्या. सोन्याला लागणारं पाणी म्हणजे लक्ष्मीच की! रोज दोघींना हळदकुंकू. त्या थराखाली कोण कुठली, हे देवालाही कळलं नसतं.

मी साताऱ्याहून पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिथं मुक्कामाला होतो. एका सकाळी आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा आणि मामीच्या सासऱ्यांचा, श्वास कोंडला. छाती भात्यासारखी वर-खाली. मामीला वाटलं, संपलं. तिनं देव्हाऱ्यातली बाटली उचलली, लाख फोडली, तांब्याची पळी भरली.

"आवं मामंजी, तोंड उघडा. गंगा घ्या."

पळी ओठांपाशी पोचायच्या आतच तिच्यातलं पाणी उकळायला लागलं. हिरवा फेस आणि तांबूस धूर.

"टाका ती! तेजाब आहे! मामी, बाहेर व्हा!" मी ओरडलो.

पळी जमिनीवर पडली. मी आबांना घोंगड्यासकट ओढत ओट्यावर आणलं. नाकाला पदर लावून मामीनं चुलीतली राख त्या डागावर ओतली, बाटलीचं बूच लावलं आणि ती घेऊन धापा टाकत बाहेर आली. उघड्या हवेत आबा खोकले, खूप खोकले, कफाचा गोळा पडला आणि श्वास सुटला.

"कोन मारतंय रं मला?" त्यांनी विचारलं.

मामी मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, कळेना. माझं तोंड मात्र सुरू झालंच.

"मामाला बाटलीवर दोन अक्षरं लिहायला काय झालं होतं? घरात विष ठेवतो आणि सांगतही नाही!"

"लिवलं असतं तर वाचलं कुनी असतं?" मामी फणकारली. "तुजी पत्रकं बी आमी कंदिलाची काच पुसायला घेतो!"

बाटली घेऊन ती उठली. "हिला हिरीत सोडून येते."

"विहिरीत? सगळं गाव ते पाणी पितं!"

"मग काय करू? इतकं दिस पुजलीया. उकिरड्यावर टाकू व्हय लक्षुमीला?"

मी विज्ञान सांगायला लागलो. मामी बाटली छातीशी धरून उभीच. शेवटी आबाच बोलले, "आगं, माजी तुटकी चप्पल आन. बांध तिच्या गळ्याला. चप्पल बांधल्यावर कशाची लक्षुमी?"

मामीनं क्षणभर विचार केला आणि चप्पल आणली. सुतळीनं करकचून बांधली. त्याबरोबर बाटलीचं देवपण उतरलं. विहीर वाचली.

मी ती बाटली राखेनं भरलेल्या डब्यात उभी रोवली आणि न हिंदकळवता विट्याच्या सोनाराकडं पोचवली. त्याच्या कामाचीच वस्तू. चप्पल बघून तो पोट धरून हसला.

"हसा," मी म्हणालो, "पण चप्पल सोडू नका."

परत आलो तर मामी खरी गंगा तांब्याच्या ताम्हनात थेंबथेंब ओतून बघत होती. पाणी स्वच्छ, शांत. आबा भिंतीला टेकून बसले होते. तिनं पळीभर पुढं केलं.

त्यांनी आधी पाण्याकडं बघितलं, मग सुनेकडं.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "च्या टाक."