हमीदने न बदललेला शब्द

हमीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोळंबी सोलत होते. हार्बरफ्रंटला ऑफिसात तो खुर्चीतच कलंडला होता... फोन यांना आला, यांनी आधी सनाला, आमच्या मुलीला, सांगितलं. घरात मला सगळं शेवटी कळतं. तसेच हात घेऊन मी लिफ्टपर्यंत गेले आणि परत आले.

हमीद माझा पाठचा भाऊ. मी लग्न होऊन सिंगापूरला आले, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तो इथल्या एका बँकेत नोकरीला आला. जुरोंग ईस्टला खोली घेऊन राहायचा, रविवारी तोआ पायोहला आमच्याकडे जेवायचा. मला बुबू म्हणायचा, आमच्या रत्नागिरीकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. त्यामुळे ऐकून घ्यायला मी त्याला बरी सापडायचे. स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून तो बोलायचा आणि मी भाकऱ्या थापायचे.

त्याची बँक इस्लामी पद्धतीचे व्यवहारही करायची. व्याज घ्यायचं नाही. कुणाला मशीन हवं असेल तर बँकेने ते स्वतः विकत घ्यायचं आणि नफा लावून हप्त्यांनी त्याला विकायचं. मधल्या वेळात मशीन बँकेचं. जळलं, बुडालं तर नुकसानही बँकेचंच. ती जोखीम घेतली म्हणून तो नफा हलाल. हे सगळं खरोखर तसं होतं का, हे तपासणं हमीदचं काम. एकदा त्याला काही व्यवहार असे सापडले की बँकेने माल आधी विकला होता आणि घेतला नंतर.

मी म्हटलं, "म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी."

हसता हसता त्याला ठसका लागला. पुढच्या रविवारी सांगत आला, ही म्हण साहेबांना इंग्रजीत ऐकवली, तर त्यांनी विचारलं की यात बायकोची काय चूक होती.

पण साहेबांनी हसून सोडलं नाही. अहवालात हमीदने 'उल्लंघन' लिहिलं होतं, ते काढून 'सुधारणेला वाव' घाल म्हणाले. उल्लंघन ठरलं की त्या व्यवहारांचा नफा बँकेला ठेवता येत नाही, दानात द्यावा लागतो. सुधारणेला वाव म्हटलं की काहीच द्यावं लागत नाही. हमीद म्हणाला, शब्द बदलणार नाही.

मग सुरू झाल्या त्याच्या फेऱ्या. धर्माचं बघायला आलिमांचं मंडळ होतं, बँकेनेच नेमलेलं, मानधनही बँकेचंच. ते म्हणाले, साहेबांकडून कागद येऊ दे. साहेब म्हणाले, मंडळाने मागितला तर देऊ. सरकारी देखरेख करणाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी नीट बसवून सांगितलं की बँक बुडणार नाही एवढं आम्ही बघतो, हलाल-हराम बँकेने आपल्या आलिमांना विचारावं. त्या दिवशी तो जेवला नाही.

"बुबू, तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत गं. राग त्याचाच येतो."

हे आतून म्हणाले, "हमीदमियाँ, तुमचा इथे राहायचा पास नोकरीवर आहे, शब्दावर नाही."

त्याला त्या खात्यातून काढून कार्डांच्या तक्रारी ऐकायला बसवलं. अहवाल दुसऱ्याने पुरा केला, शब्द बदलून. तरी हमीद विचारत राहिला... पत्रं पाठवायचा, रविवारी उत्तर आलं नाही म्हणून सांगायचा. शेवटी शेवटी मलाही त्या शब्दाचा कंटाळा आला होता. त्याला कधीच आला नाही.

मयतीला साहेब आले होते. चांगला माणूस, डोळे पुसत होते. यांना म्हणाले, हमीद फार समजूतदार होता, कशालाही आडकाठी करायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मी बायकांत बसले होते. माझं कपाळ तडकत होतं.

परवा बँकेतून सनाला ईमेल आला. कर्मचाऱ्यांसाठी निघणाऱ्या त्यांच्या अंकात मामूवर चार ओळी छापायच्या होत्या, घरच्यांनी पाहून घ्याव्यात. सनाने वाचून दाखवल्या. कामात सुधारणा सुचवण्यात त्याचा मोठा वाटा होता, असं होतं.

मी म्हटलं, लिही त्यांना, हे चूक आहे. त्याने सुधारणा सुचवली नव्हती, उल्लंघन दाखवलं होतं.

"अम्मी, नाइस लिहिलंय, लेट इट गो लाह," सना इथल्या पोरांसारखं 'लाह' लावून म्हणाली.

"लिही."

तिने लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं: आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार.

फ्रिजला टेकून सना फोन बघत होती. तिथेच तो उभा राहायचा, दाराच्या रबराजवळ त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे, तो मी पुसलेला नाही.

मी म्हटलं, "परत पाठव. ही सूचना नाही, हरकत आहे म्हणावं."

सनाने माझ्याकडे पाहिलं, आणि पाठवलं. अजून उत्तर नाही.