लायसन घरी, मासे रस्त्यावर

तुम्हाला कधी पोलिसाने हात दाखवून थांबवलंय, आणि गाडी बाजूला घेता घेताच आठवलंय का, की लायसन घरी राहिलं?

आमचं हे नेहमीचंच. नंदा, विजू आणि मी, आम्ही तिघी सकाळी बंदरावरच्या लिलावात मासे घेतो, स्कूटरला मागे बर्फाचा खोका बांधतो आणि आतल्या गावांत विकायला जातो. माशाच्या पाण्याने सगळं भिजतं, वास लागतो. म्हणून चांगली वस्तू कोणी बरोबर नेत नाही. घड्याळ घरी, बरी पर्स घरी, तसं लायसनही घरी. त्यामुळे किस्से साठत गेले. बर्फाची गाडी यायला उशीर झाला की एकीने सुरुवात करायची आणि दुसरीने तिखटमीठ लावायचं.

विजू मात्र हसत नाही. ती लायसन प्लास्टिकमध्ये गुंडाळून कमरेच्या बटव्यात ठेवते. तिला दंडाची भीती नाही, मेसेजची आहे. स्कूटर तिच्या धाकट्या दिराच्या नावावर आहे. भावोजी मुंबईला असतात. मागच्या गणपतीत जाताना गाडीवर कव्हर घालून सांगून गेले, "कोणाच्या हातात दिल्यात तर इकून टाकतलंय." नंतर विजूच्या नवऱ्याची पाठ गेली आणि त्याचं बोटीवर जाणं बंद झालं. थोरल्याने धाकट्याकडे गाडी मागायची कशी, म्हणून त्याने मागितली नाही. विजूने विचारलं नाही आणि कव्हर काढलं. आता घर तिच्या माशांवर चालतं. पोलिसाने मशीनवर नंबर घातला की मेसेज मालकाच्या मोबाईलवर. म्हणजे गाडी गेली, आणि गाडीबरोबर धंदाही.

*

नंदाचं लायसन पोस्टाने आलं तेव्हा तिने ते देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि तसबिरीच्या मागे सरकवलं. ते अजून तिथेच आहे.

तिला फाट्यावर थांबवलं. हवालदारांनी लायसन कुठे विचारलं, तर म्हणाली, "देवाकडे आसा." त्यांना वाटलं, बाई चेष्टा करते. त्यांचा चेहरा बदलला तशी हिने घाबरून घरी फोन लावला, की तेवढा फोटो काढून पाठवा. फोन सासूने घेतला. सासू म्हणाली, आंघोळ झाल्याशिवाय देव्हाऱ्याला हात लावायची नाही, आणि पाणी अजून चुलीवर चढलेलं नाही.

हवालदार म्हणाले, थांबा मग. नंदा थांबली. खोक्यातला बर्फ वितळायला लागला. ती उभी दिसली तसं एकाने गाडी थांबवून सरंगे आहेत का विचारलं. मग दुसऱ्याने, मग बाजारातून परतणाऱ्या बायकांनी. सासूबाईंची आंघोळ होऊन फोटो आला तेव्हा खोका रिकामा होता.

हवालदार फोटो बघून म्हणाले, "जावा आता. आणि उद्या इथे नका बसू."

*

माझं लायसन मोबाईलमध्ये आहे. मुलीने घालून दिलंय. पण ते उघडायला रेंज लागते, आणि मला थांबवलं ते नांदगावच्या अलीकडे, जिथे फोनवर एक काडीसुद्धा येत नाही.

पोलीस तरुण होता, माझ्या भाच्याएवढा. म्हणाला, "मावशी, त्या वरच्या कातळावर मिळते रेंज." मी साडी खोचून चढले. आधीच उशीर झालेला, आणि खोक्याचं झाकण मी घाईत उघडंच टाकून आलेले. वर फोन हलवत उभी राहिले आणि खाली बघितलं तर दोन मांजरं आणि कावळे जमलेले, आणि तो काठी घेऊन माझ्या माशांची राखण करतोय.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन आले. त्यांनी त्यालाच विचारलं, "बांगडो कसो दिलास?"

मी खाली येईपर्यंत लायसन काही उघडलं नव्हतं. पण पोलिसाने बांगडे विकले होते, माझ्यापेक्षा चढ्या भावाने.

*

विजूकडे लायसन असायचं, तरी ती पोलिसांना टाळायची. पुढे तपासणी आहे असं समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याने नुसतं खुणावलं तरी ही काजूच्या बागेत शिरायची.

एकदा अशीच शिरली. पायवाटेने खडखडत, फांद्या चुकवत मोठा वळसा घातला आणि रस्त्यावर बाहेर पडली ती थेट पोलिसांच्या पाठीमागे. ते दचकलेच. सगळे कागद मागितले. हिने बटवा सोडून लायसन दिलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं. सगळं बरोबर. मग एकाने विचारलं, "कागद आहेत तर आडवाटेने कशाला जाता?"

विजू नुसती त्याच्या हातातल्या मशीनकडे बघत राहिली. त्या दिवशी त्यांनी नंबर घातला नाही.

*

आणि मग ती सकाळ. आदल्या संध्याकाळी बटव्याला फार वास येतो म्हणून विजूने तो धुतला आणि दांडीवर वाळत घातला. आतलं लायसन खिडकीत ठेवलं. सकाळी लिलावाच्या घाईत दोन्ही राहिलं.

फोंडाघाटच्या रस्त्यावर वळणालाच तपासणी होती. बागेत शिरायला जागा नव्हती. मी तिच्या मागेच होते. मॅडम होत्या ड्युटीवर. त्यांनी लायसन मागितलं. विजूने कमरेला हात लावला. बटवा नव्हता.

मॅडमनी मशीन काढलं. विजू गाडीच्या मागे गेली आणि नंबरप्लेटसमोर पदर पसरून उभी राहिली. मॅडमनी बाजूला व्हायला सांगितलं. ती हलली नाही. म्हणाली, दंड आत्ता रोख देते, पण नंबर घालू नका, मालकाला मेसेज जाईल.

"म्हणजे मालकाला माहीत नाही? गाडी चोरीची आहे?"

मी मध्ये पडले, दिराचीच आहे म्हटलं. मॅडम म्हणाल्या, मग त्यांनाच विचारू. विजूने त्यांचा फोन नंबर सांगितला. दुसरं करणार काय? मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला. घंटा वाजत होती तेव्हा विजूने माझं मनगट धरलं, ते अजून आठवतं.

भावोजींनी उचलला. मॅडमनी गाडीचा नंबर सांगितला, विजया नावाची बाई चालवतेय, मासे विकते, ओळखता का, विचारलं.

"माझी वहिनी आहे," भावोजी म्हणाले. "गाडी चोरीची नाही." आणि फोन ठेवून दिला.

मॅडमनी पदर बाजूला करायला सांगितला, तशी विजू सरकली. नंबर घातला. पावती करताना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आता मेसेज गेला तरी काय. त्यांना कळलंच."

विजू त्या दिवशी गावं फिरली, पण हाळी मीच देत होते. घरी जाऊन तिने गाडी धुतली, पुसली आणि कव्हर घातलं. संध्याकाळी भावोजींचा फोन आला. "मी निघालंय," एवढंच बोलले. गाडीचं नाव नाही, रागावणं नाही. विजू मला म्हणाली, "रागावले असते तर बरा होता गो. निदान कळला असता."

नंदाने आणि मी ठरवलं, गाडी गेली तर तिचा खोका आम्ही आमच्या मागे बांधायचा. पण दोन खोके एका स्कूटरवर बसत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजू लिलावाला आली. गाडी तीच चालवत होती. मागे भावोजी बसले होते, मुंबईच्या कपड्यांवरच, बर्फाचा खोका मांडीवर घेऊन.