शांताप्पाची जात

आमच्या जळकोटच्या काकांइतका जात मानणारा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही, आणि जात मोडायला निघालेली मी आयुष्यातली सर्वांत चुरशीची लढाई लढले ती त्यांच्याच बाजूनं. हे कसं झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. बाजारपेठेत त्यांचं बियाण्याचं दुकान आहे, आणि बियाणं विकता विकता सगळं जग त्यांना जातवार दिसू लागलं आहे. तूर कोणत्या जातीची, आंबा कोणत्या जातीचा, बैल कोणत्या जातीचा, हे विचारल्याशिवाय ते पुढचं बोलत नाहीत. जावई तर त्यांनी जातीतला, त्यातही पोटजातीतला आणि तोही शक्यतो उदगीरकडचाच शोधला. मी नांदेडला कॉलेजात गेल्यापासून जातिअंताची पत्रकं वाटते. सुट्टीत जळकोटला गेले की एक पत्रक त्यांच्या काउंटरवर ठेवायचेच. ते चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, "लई छान लिहितीस पोरी" म्हणायचे आणि त्याच कागदात कुणाला तरी मेथीचं बी बांधून द्यायचे.

काका कशाचीही लेखी हमी देत नाहीत. शेतकरी विचारतो, "मालक, उगवंल ना?" काका म्हणतात, "बी चांगलं हाय. पण उगवणं बियाच्या पोटात हाय, माझ्या हातात न्हाई. लिहून मागू नगंस." मावशीनं रात्री जेवायला घरी याल ना विचारलं तरी उत्तर येतं, "यायचा विचार हाय."

अशा माणसाच्या घरी पुतण्यानं हैदराबादहून पिटबुलचं पिल्लू आणलं आणि सहा महिन्यांत तो स्वतः नोकरीला निघून गेला. काकांना त्या जातीचं नाव ऐकू आलं ते 'पीठबूल'. पीठ खाणारं कुत्रं, असा अर्थ लावून त्यांनी त्याला ताकात कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीवर वाढवलं आणि नाव ठेवलं शांताप्पा. छाती भरल्या पोत्यासारखी, जबडा अडकित्त्यासारखा, आणि घरात कुकरची शिट्टी झाली की हा पलंगाखाली. नगरपंचायतीत नोंदणीला गेले तेव्हा अर्जात 'जात' असा रकाना होता. काकांनी बेधडक लिहिलं, 'लिंगायत वाणी'.

कारकून म्हणाला, "काका, तुमची न्हाई, कुत्र्याची."

"माझ्या घरात वाढलंय, माझ्या घरचं खातंय. मग दुसरी कुठली लिहू?"

मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः नाचले. माझ्या दहा पत्रकांत जे मावलं नव्हतं ते काकांनी एका रकान्यात लिहिलं होतं.

मग मोबाइलवर धोकादायक जातींच्या कुत्र्यांच्या चित्रफिती फिरू लागल्या. शांताप्पा कुणावर भुंकलासुद्धा नव्हता, तरी मोहल्ल्यानं त्याला हलवा म्हणून अर्ज केला. मी पहिल्या गाडीनं जळकोट गाठलं, हातात ताजं पत्रक: 'जन्मावरून कुणालाही गुन्हेगार ठरवू नका.' काकांनी ते दोनदा वाचलं.

"हे कुत्र्याचंच हाय का माणसांचंबी?"

"दोघांचं, काका."

"मग कुत्र्यापुरतं ठेव."

बैठक महादेवाच्या सभामंडपात भरली. काकांच्या समोरच्या घरात एक शिक्षिका राहतात, त्यांची मुलगी दोन वर्षांची आहे. त्या उठल्या आणि अगदी हळू बोलल्या. "काका, शांताप्पा गुणी आहे, मी रोज बघते. आमचं मांजर चिडलं तर ओरबाडतं, आम्ही हळद लावतो. हा एकदाच चिडला तर हळद लावायला माझं लेकरू राहायचं नाही. मी त्याला वाईट म्हणत नाही. मी त्याच्या जबड्याचं बोलतेय."

मी ताडकन उठले. "मॅडम, जातीवरून माणसं हिणवतात ती याच युक्तिवादानं," एवढं बोलले आणि अडकले. कारण हा तो युक्तिवाद नव्हता. माणसाची जात ही माणसानं रचलेली थाप आहे. कुत्र्याच्या या जातीचा जबडा मात्र माणसानंच पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलेला, खराखुरा. शब्द एकच, म्हणून मी दोन्हीकडे एकच पत्रक घेऊन निघाले होते. पण मग ज्यानं काहीच केलं नाही त्याला घराबाहेर काढणं हा न्याय कसा? सभामंडपात मी उभीच होते, आणि मला कुठल्या बाजूला बसावं ते कळेना.

शेवटी एक म्हातारे म्हणाले, "मालक, कशाला ताणायचं? हा चावणार न्हाई इतकं लिहून द्या. अर्ज माघारी घेतो."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शिक्षिकाबाईंनीही मान हलवली. कागद आला, पेन आलं. काकांनी कोरा कागद गुडघ्यावर घेतला, पेनाचं टोपण काढलं.

मी कुजबुजले, "लिहा ना, काका."

"त्याच्या पोटातलं मला काय ठावं, पोरी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि बाईंना म्हणाले, "लेकरू अंगणात खेळू दे, बाई. परवा धाडतो त्याला." बाई जिंकल्या होत्या, पण पदर डोळ्यांना लावून तिथंच बसून राहिल्या.

शांताप्पा आता कंधारजवळ काकांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या शेतावर असतो. तिथं भोवती उंच जाळी आहे आणि लहान मूल कुणी नाही. महिन्याभरानं काका ताकभाकरीचा डबा घेऊन निघाले, मीही गेले. शेत दिसू लागलं तसे ते बाभळीच्या आड थांबले. "मला बघितलं तर मागं येतंय. तू जा."

मी जाळीतून शांताप्पापुढं डबा रिकामा केला आणि परत आले.

"वळखलं का?"

"शेपूट हलवली."

"अन् खाल्लं?"

"सगळं खाल्लं, काका. काही ठेवलं नाही."

"बरं झालं," काका म्हणाले. रिकामा डबा हातात घेऊन त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं. "मी म्हटलं, थोडं तरी ठेवील."

मग आम्ही गाडी धरायला रस्त्याकडे चालू लागलो.